हरित इमारत मानांकन (ग्रिहा): फलकावरचे तारे आणि हातातले प्रमाणपत्र

वाराणसीतील सिगरा भागात ‘रुद्राक्ष’ हे आंतरराष्ट्रीय सहकार्य व संमेलन केंद्र आहे. जपानच्या साहाय्याने उभारलेल्या, सुमारे 1,200 आसनांच्या या केंद्राचे उद्घाटन 15 जुलै 2021 रोजी झाले. ही इमारत ‘ग्रिहा’च्या तिसऱ्या स्तरासाठी योग्य असल्याचे शासनाने तेव्हा कळवले होते. एखाद्या स्तरासाठी योग्य असणे आणि त्या स्तराचे प्रमाणपत्र मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. घर घेताना हा फरक आपल्या उपयोगी पडेल.

ग्रिहा म्हणजे काय?
ग्रिहा ही हरित इमारतींची राष्ट्रीय मानांकन पद्धत आहे. टेरी ही संस्था आणि केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी ती विकसित केली. इमारतीला एक ते पाच तारे दिले जातात. 2,500 चौरस मीटरपेक्षा लहान बांधकामांसाठी ‘स्वग्रिहा’ ही सोपी पद्धत आहे.

काय तपासले जाते?
• ऊर्जा: ऊन अडवणारी रचना, नैसर्गिक उजेड व वारा, सौरऊर्जा
• पाणी: वापरातील बचत, सांडपाण्याचा पुनर्वापर, पावसाच्या पाण्याचे संकलन
• बांधकाम: फ्लाय ॲशसारखे साहित्य, धूळ व राडारोड्याचे व्यवस्थापन
• मजुरांची सुरक्षितता व स्वच्छतागृहे

प्रक्रिया कशी असते?
आधी प्रकल्पाची नोंदणी होते. बांधकाम सुरू असताना तज्ज्ञ पाहणी करतात, कारण भिंतीत दडलेले काम नंतर दिसत नाही. कागदपत्रांच्या छाननीनंतर तात्पुरते आणि शेवटी अंतिम मानांकन मिळते. ते पाच वर्षांसाठी वैध असते.

महाराष्ट्रात कोणता लाभ मिळतो?
राज्याच्या 2020 च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार तीन, चार व पाच ताऱ्यांसाठी अनुक्रमे 3, 5 व 7 टक्के प्रोत्साहनपर चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो. ही नियमावली मुंबई महानगरपालिका क्षेत्राला लागू नाही.
हा लाभ विकासकाला मिळतो. रहिवाशाचा लाभ म्हणजे कमी वीजबिल, कमी टँकर आणि उन्हाळ्यात कमी तापणारे घर. इमारत खरोखर मानकांप्रमाणे बांधली असेल, तरच तो मिळतो.

घर घेण्यापूर्वी विचारा
1. केवळ नोंदणी झाली आहे, की मानांकनही मिळाले आहे?
2. मानांकन तात्पुरते आहे की अंतिम?
3. प्रमाणपत्रावर आपल्याच इमारतीचे नाव आहे का? मुदत कधी संपते?

माहितीपत्रकातील हिरवे पान म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. प्रमाणपत्राची प्रत मागून घ्या.