बुळकांडी आणि गोठ्यापर्यंतची वाट

बुळकांडी हा शब्द आज शहरांतील घरांत अपरिचित वाटेल. परंतु आपल्या पणजोबांच्या काळीं तो कानीं पडतांच सारें गांव भयभीत होत असे. जनावराला ताप चढे, डोळ्यांतून पाणी वाहूं लागे, तोंडांत व्रण पडत, पुढें हगवण लागे आणि बहुधा थोड्याच दिवसांत तें दगावे. जोडींतला एक बैल गेला कीं दुसरा असून नसून सारखाच. ऐन पेरणींत नांगर पडून राही आणि कुणबी सावकाराच्या दारीं उभा राही.

या रोगाचा विचार सरकारदरबारीं झाला नव्हता असें नाहीं. लष्करी पशुवैद्यकाची शाळा पुण्यास १८६२ मध्यें निघाली. गुरांच्या सांथीविषयींच्या आयोगाचा अहवाल १८७१ चा आहे. मुंबईस परळ येथें १८८६ मध्यें पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालें. पुण्यास १८८९ मध्यें स्थापन झालेली जंतुशास्त्राची प्रयोगशाळा तर संसर्गाच्या भीतीमुळें १८९३ मध्यें दूर कुमाऊंतील मुक्तेश्वराच्या डोंगरावर नेण्यांत आली. विद्या वाढत होती. पण गोठ्यापर्यंतची तिची वाट तयार झाली नव्हती.

ही उणीव जोतीराव फुले यांनीं ओळखली होती. १८८३ मध्यें लिहून झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथांत त्यांनीं शेतकऱ्यांच्या मुलांस शिक्षण, शेतकीचीं प्रदर्शनें व बक्षिसें, आणि परदेशांतून उत्तम जातीचीं शेळ्यामेंढरें आणणें, असे उपाय सुचविले.

बुळकांडीपुरतें सांगावयाचें तें चार वाक्यांत मावण्याजोगें होतें. आजारी जनावर वेगळें बांधा. त्याचा चारा-पाणी निराळा ठेवा. बाजारांतून आणलेलें जनावर लगेच कळपांत सोडूं नका. मेलेलें खोल पुरा. ऐकावयास सोपें, आचरणास महाकठीण! गांवाचा गुराखी एक, पाणवठा एक, गायरान एक. शिवाय मेलेल्या जनावराच्या कातड्यावर ज्यांचें पोट चाले, त्यांना तें पुरा म्हणून कोणत्या तोंडानें सांगावें? सांथ आली म्हणजे मरीआईचा गाडा शिवेपार नेण्याची चाल होती. रोग शिवेबाहेर ठेवावा, ही बुद्धि गांवाजवळ होतीच; तिला शास्त्राची जोड देणारा माणूस हवा होता.

मुक्तेश्वर येथें एडवर्ड्स यांनीं १९२० नंतरच्या दशकांत हे विषाणु बकऱ्यांतून पुनःपुन्हां नेऊन सौम्य केले. त्यांतून स्वस्त लस हातीं आली. १९५४ मध्यें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि लस टोंचणारे गांवोगांव जाऊं लागले. २००६ मध्यें भारत रोगमुक्त ठरला. २०११ मध्यें सारें जग. देवीनंतर पृथ्वीवरून नाहींसा झालेला हा दुसराच रोग होय.

शेवटचा टप्पा भारताबाहेर, आफ्रिकेंतील भटक्या गुराख्यांच्या मुलखांत पार पडला, आणि तो विशेष बोधप्रद आहे. तेथें डॉक्टर पोंचेनात, तेव्हां उन्हांत टिकणारी लस गुराख्यांतल्याच निवडक माणसांच्या हातीं देऊन त्यांना शिकविण्यांत आलें. गुरें ओळखणारा माणूस हाच तेथें उत्तम शिष्य ठरला.

बुळकांडी गेली, तरी सांथी संपल्या नाहींत. २०२२ मध्यें महाराष्ट्रांत लम्पी रोगानें गुरांचे बाजार बंद करविले. सकाळच्या चहांत दूध घालणाऱ्या आपण सर्वांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, त्या दुधाचें रक्षण प्रयोगशाळेंत अर्धेंच होतें. उरलेलें अर्धें, धार काढणाऱ्या बाईला तिच्या बोलींत वेळेवर सांगितलेल्या चार शब्दांनीं होतें.