चढाई आणि खो : रंगतीचा मागोवा

भातकापणी उरकते, देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि कुडाळ तालुक्यात, पिंगुळीच्या पंचक्रोशीत, कबड्डीच्या रात्री रंगू लागतात. प्रकाशझोत लागतात, ध्वनिक्षेपक घुमू लागतो, वाडीवाडीतून माणसं येतात. खो-खो मात्र शालेय स्पर्धांपुरता, भर दिवसा, शाळेच्या मैदानावर उरतो. त्यामुळे ‘कुठचो खेळ बघूक बरो?’ या प्रश्नाचं उत्तर इथे आधीच ठरलेलं असतं. मला ते उत्तर अर्धंच पटतं. कबड्डीची रंगत कबड्डीला जन्मतः मिळालेली नाही. ती माणसांनी नियम बदलत बदलत घडवली आहे, आणि ती कशी घडली हे पाहिलं की खो-खो मागे का राहिला तेही कळतं.

कबड्डीचं जुनं रूप असलेला हुतूतू पूर्वी तीन तऱ्हांनी खेळला जाई. ‘गामिनी’त बाद झालेला गडी पूर्ण संघ बाद होईपर्यंत बाहेरच राही. ‘अमर’मध्ये कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजले जात. ‘संजीवनी’त आपण एक गडी मारला की आपला बसलेला एक गडी उठे. प्रेक्षकाच्या जागी उभं राहून पाहा. गामिनीत मैदान ओस पडत जाई आणि शेवटचा गडी डाव लांबवत बसे. अमरमध्ये मैदान भरलेलं असे, पण कोणाच्या बाद होण्याची धास्ती नसे. धास्ती आणि आशा दोन्ही जिवंत ठेवणारी तऱ्हा एकच होती, संजीवनी. पुढे आजच्या कबड्डीने तीच स्वीकारली. माझ्या मते या खेळाच्या लोकप्रियतेतला सर्वांत मोठा निर्णय हाच आहे. सात गडी, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, आणि लोण चढला, म्हणजे पूर्ण संघ बाद झाला, तरी सामना संपत नाही.

दोन्ही खेळांची पहिली नियमावली जवळपास एकाच काळात आकाराला आली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोच्या नियमांना हात घातला. बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतूतूच्या स्पर्धा भरवल्या आणि पुढच्याच वर्षी खो-खोचे नियम छापले. परकी सत्ता असताना आपले खेळ शिस्तीत बसवणं हे या मंडळींना देशकार्यच वाटत होतं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आलं, ते याच भावनेतून.

असं करणारे आपण एकटे नव्हतो. आयर्लंडमधल्या थर्ल्स गावच्या एका हॉटेलात १ नोव्हेंबर १८८४ रोजी मायकेल क्युसॅक आणि त्यांचे सहकारी जमले आणि त्यांनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन स्थापन केली. तिच्या छत्राखाली दोन खेळ वाढले : काठी आणि लहानशा चामडी चेंडूचा हर्लिंग, आणि हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल. मैदान तेच, गोलखांब तेच, प्रत्येक बाजूला पंधरा गडी. यांतला रंगतदार कोणता, हा वाद तिथे आजही पेटता आहे. हर्लिंगचं बळ मुख्यतः देशाच्या दक्षिण भागात आहे, फुटबॉल त्याहून सर्वदूर खेळला जातो. पण वेगाच्या बाबतीत हर्लिंगला तोड नाही, असं त्याचे चाहते छातीठोकपणे सांगतात. आपल्याकडचा खो-खोचा चाहता हेच बोलतो.

मग कबड्डी पुढे कशी गेली? पहिलं कारण जागेचं. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर, खो-खोचं २७ बाय १६. म्हणजे खो-खोला तिपटीहून जास्त जागा लागते, शिवाय जमिनीत पक्के रोवलेले दोन खांब. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना कामगारांच्या पिढ्या पुरवल्या. लालबाग-परळच्या चाळींमधल्या अंगणात कबड्डी मावली. चाकरमानी सुट्टीला गावी आला तो हा खेळ घेऊनच. संघटनेचं बळही कबड्डीला लाभलं. रत्नागिरी जिल्ह्यातले शंकरराव तथा बुवा साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. दिल्लीच्या १९८२ च्या आशियाई स्पर्धांत प्रात्यक्षिकाचा खेळ असलेली कबड्डी १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली, आणि सुवर्ण भारताने जिंकलं.

दुसरं कारण नजरेचं आहे, आणि त्याचं उत्तर पिंगुळीतच सापडतं. इथल्या ठाकर समाजाने जपलेल्या चित्रकथीत कथेकरी पोथीतलं एक चित्र समोर धरतो, त्या प्रसंगाचं गाणं-निवेदन होतं आणि मग पुढचं चित्र येतं. कुठे बघायचं हे प्रेक्षकाला शोधावं लागत नाही. कबड्डीची चढाई तशीच असते. एक गडी मध्यरेषा ओलांडतो, हजार डोळे त्याच्यावर खिळतात, पकड होते किंवा तो सुटतो, आणि दुसरी चढाई सुरू होते. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली तेव्हा दूरचित्रवाणीला या खेळात फारसं काही शोधावं लागलं नाही. तीस सेकंदांची चढाई, गुणाविना गेलेल्या दोन चढायांनंतर तिसरीत ‘करो या मरो’, तीन किंवा कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला जादा गुण, या सगळ्याने तोच एक क्षण अधिक धारदार केला.

खो-खोत एका क्षणाला चार गोष्टी घडत असतात. आठ जण आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेले. पाठलाग करणाऱ्याला दिशा बदलायची मुभा नाही आणि मधली रेषा ओलांडता येत नाही. पळणाऱ्याला मात्र दोन्हींची मोकळीक. तो बसलेल्यांमधून साखळी खेळत जातो, हुलकावणी देतो, आणि खो कोणाला मिळेल याचा अंदाज बांधतो. खरी लढत पायांइतकीच या अंदाजात असते. जाणकाराला ती दिसते आणि मग तीन मिनिटांचं संरक्षण त्याला एखाद्या बाजीसारखं वाटतं. नवख्याला नुसती पळापळ दिसते. खो-खो बघायला कठीण आहे, कंटाळवाणा नाही. मैदानाच्या कडेला उभं राहून, खेळ समजून पाहणाऱ्यासाठी मला तो कबड्डीपेक्षा सरस वाटतो.

हे ओळखून खो-खोनेही आता नियमांकडे हात वळवला आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सुरू झालेल्या अल्टिमेट खो-खो लीगने कोणत्याही दिशेला धावू शकणारा ‘वजीर’ आणला, आणि ठरावीक वेळ टिकून राहणाऱ्या संरक्षकांना जादा गुण देऊ केले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. पुरुषांत भारताने नेपाळला ५४-३६ आणि महिलांत ७८-४० असं हरवलं. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याच वर्षी आयर्लंडमध्येही गेलिक फुटबॉल रटाळ झाल्याच्या तक्रारींवरून जिम गॅव्हिन यांच्या समितीने सुचवलेले नियम लागू झाले. गोलापासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन गुण मिळू लागले.

नियम बदलावेत, पण खेळाचा गाभा राखून. कबड्डीत घड्याळ आल्यापासून दमाची परीक्षा मागे पडली, ही जुन्या खेळाडूंची खंत मला खरी वाटते. वजिराची मोकळीक वाढत गेली आणि अंदाजाची लढत संपली, तर खो-खो साधा शिवाशिवीचा खेळ उरेल.

खो-खोला आज नव्या नियमांहून जास्त गरज आहे ती चांगल्या समालोचकाची. आपल्याकडच्या कबड्डीच्या रात्री अर्ध्या त्या ध्वनिक्षेपकावर उभ्या असतात. चढाई कोणाची, लोण किती जवळ, कोपरारक्षक कसा दबा धरून बसलाय, हे गावाला तिथूनच कळतं. चित्रही कथेकऱ्याच्या आवाजामुळेच उलगडतं. पिंगुळीच्या पंचक्रोशीतल्या मंडळांनी यंदाच्या हंगामात एक रात्र खो-खोला द्यावी, मैदान पुरतं उजळावं आणि हा खेळ कोळून प्यायलेल्या माणसाच्या हाती माईक द्यावा. नजर कुठे ठेवायची हे एकदा कळलं, की कुठला खेळ सरस यावर इथेही खरा वाद सुरू होईल.