दोष गेमचा की मशीनचा? १९९७-९८ सालची गोष्ट

ज्यांनी हा एपिसोड लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकला, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. थोडी साफसफाई केलीय, पण बोलणं बोलण्यासारखंच ठेवलंय.

आधी एक प्रसंग. ऑनलाइन मॅच चालू आहे. समोरचा भिडू भिंतीआडून बाहेर येतो, तुम्ही नेम धरता, बटण दाबता आणि स्क्रीन गोठते. परत हलायला लागते तेव्हा तुम्ही मेलेले असता. आता पहिली शिवी कोणाला? गेमला, नेटला, की पैसे वाचवून स्वतः जोडलेल्या त्या पीसीला? आज आपण यावर मीम टाकतो आणि पुढच्या मॅचला लागतो. पण हे भांडण पंचवीस वर्षांहून जुनं आहे. आणि ते पेटलं तेव्हा एका बाजूला दर महिन्याला पैसे घेणारा बिघडका गेम होता, दुसऱ्या बाजूला १४९ डॉलरचा एक प्रोसेसर.

गेमपासून सुरू करू. अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ओरिजिन सिस्टीम्स नावाची कंपनी होती. तिचा 'अल्टिमा ऑनलाइन' सप्टेंबर १९९७ मध्ये बाजारात आला. हजारो लोक एकाच जगात, एकाच वेळी. कोणी लोहार, कोणी चोर, कोणी नुसताच जंगलात लाकडं तोडणारा. खोका विकत घ्यायचा आणि वर महिन्याला ९.९५ डॉलर भरायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी चिडचिड इथूनच येते. फुकटातला गेम बिघडला तर माणूस हसतो. भाडं भरलेलं घर गळायला लागलं तर तो मालकाचं दार ठोठावतो.

गळती तर उद्घाटनाच्या आधीच दिसली होती. ऑगस्ट १९९७, गेमची चाचणी चालू. गेमचा जनक रिचर्ड गॅरियट स्वतःच्या 'लॉर्ड ब्रिटिश' या राजाच्या रूपात प्रजेला दर्शन द्यायला आला. राजाला मरण नाही, अशी सेटिंग होती. पण मध्ये सर्व्हर पडला होता, आणि परत लॉगिन केल्यावर ती सेटिंग पुन्हा चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या 'रेन्झ' नावाच्या एका पात्राने कोणाच्या तरी पिशवीतून आगीच्या मंत्राची गुंडाळी चोरली आणि राजाच्या पायाखाली आग लावली. राजा मेला! गेम ज्याने बनवला, त्याचाच मुडदा सगळ्यांसमोर पडला. त्यानंतर दरबाऱ्यांनी राक्षस सोडले आणि बघायला आलेल्या निरपराध प्रजेलाही संपवलं. रेन्झचं खातं पुढे बंद झालं. कारण दिलं गेलं ते आधी सापडलेल्या बगांचा फायदा घेऊन ते न कळवल्याचं. आता गेममध्ये चोरी करता येते, आग लावता येते, आणि राजाचं कवच त्याच्या स्वतःच्या विसराळूपणाने गळून पडलं. यात खेळाडूचा गुन्हा कोणता? माझं मत विचाराल तर मी रेन्झच्या बाजूने.

गेम रीतसर सुरू झाला आणि तक्रारींचा पूर आला. लॅग, पडणारे सर्व्हर, वस्तूंच्या नकला काढता येतील असे बग. सगळ्यात भारी निषेध झाला तो गेमच्या आतच. खेळाडूंनी आपापल्या पात्रांचे कपडे उतरवले, त्यांना दारू पाजली आणि तो नागडा मोर्चा थेट लॉर्ड ब्रिटिशच्या राजवाड्यात घुसवला. मौज बघा: सर्व्हर हळू चालतो म्हणून एका खोलीत एवढी गर्दी करायची की तो आणखी हळू व्हावा.

काहींना मात्र विनोद पुरेना. १९९८ मध्ये खेळाडूंच्या एका गटाने कोर्टात दावा लावला. चोवीस तास खेळता येईल असं सांगून गेम विकला आणि तसा तो चालतच नाही, हे त्यांचं म्हणणं. शेवटी तडजोड झाली आणि रक्कम देणगी म्हणून सॅन होजेच्या तंत्रज्ञान संग्रहालयाला गेली. खेळाडूंच्या हातात काय आलं, तर सांगायला एक किस्सा.

सगळेच बग वाईट होते असंही नाही. 'क्वेक' १९९६ चा. त्यात हवेत उडी मारून कोन वळवत राहिलं की ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेग मिळायचा. मर्यादा तपासणारं गणित तुमचा एकूण वेग बघत नव्हतं, तुम्ही ज्या दिशेचं बटण दाबलंय त्या दिशेपुरताच बघत होतं. म्हणजे हिशोबातली चूकच. पण पोरांनी ती घोटून घोटून कला केली. पुढे 'क्वेक थ्री'च्या वेळी जॉन कार्मॅकने ती काढून बघितली, तर साधं चालणं-पळणंच विचित्र वाटायला लागलं. मग चूक तशीच राहिली. नेटचं रडगाणं मात्र कोणालाच कला करता आलं नाही. मोडेमवाल्याचा पिंग सहज दोनशे-तीनशेच्या घरात. कॉलेजच्या वेगवान लाइनवरून खेळणाऱ्याला बाकीचे 'एलपीबी' म्हणायचे. त्यातलं एल-पी म्हणजे लो पिंग, आणि बी म्हणजे एक सणसणीत शिवी, ती तुम्ही ओळखा.

आता मशीनकडे. २४ ऑगस्ट १९९८ ला इंटेलने दोन प्रोसेसर एकदमच आणले. मोठा पेंटियम टू, ४५० मेगाहर्ट्झ, किंमत ६६९ डॉलर. आणि धाकटा सेलेरॉन ३००ए, किंमत १४९ डॉलर. धाकट्याच्या आधी एप्रिलमध्ये आलेल्या पहिल्या सेलेरॉनची खूप थट्टा झाली होती, कारण त्यात एल-टू कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली छोटी मेमरी, नव्हतीच. ३००ए मध्ये ती दिली, १२८ केबी. पेंटियम टूकडे ५१२ होती, पण ती वेगळ्या चिपवर बसून निम्म्या वेगाने धावायची. सेलेरॉनची प्रोसेसरच्या पोटातच, पूर्ण वेगाने.

इथे जरा थांबू, कारण गंमत सगळी गुणाकारात आहे. प्रोसेसरचा वेग म्हणजे बसचा वेग गुणिले एक ठरलेला आकडा. हा आकडा इंटेलने कुलूपबंद केला होता. कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा छाप मारून विकणारे भामटे बाजारात होते, त्यांना आळा घालायला. ३००ए चा आकडा साडेचार. ६६ च्या बसवर साडेचार पट म्हणजे ३००. पण बसला तर कुलूप नव्हतं! बस १०० वर नेली की साडेचार पट म्हणजे बरोब्बर ४५०. ६६९ डॉलरवाल्याचाच वेग. (किमतीतला फरकही जवळजवळ साडेचार पटच. हा निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.)

मग मधले वेग का नाही वापरले? बोर्डवर ७५ आणि ८३ पण असायचे. पण बसच्या वेगाला भागून पीसीआयचा वेग निघतो, आणि तो ३३ च्या आसपास राहिला पाहिजे. ८३ ला दोनने भागलं की ४१. मग हार्ड डिस्कवरचा डेटा खराब व्हायची भीती. १०० ला मात्र तीनने भागायची सोय, म्हणजे ३३. म्हणून थोडं वाढवणं धोक्याचं आणि खूप वाढवणं सुरक्षित, असा उलटा न्याय होता. एबिट कंपनीच्या बीएच-सिक्स बोर्डवर हे सगळं बायोसच्या मेनूतून करता यायचं. ज्यांच्या बोर्डवर ती सोय नव्हती, ते प्रोसेसरच्या कार्डावरची बी-२१ नंबरची पिन टेपने किंवा नेलपॉलिशने झाकायचे. बोर्डला वाटायचं, हा १०० च्या बसवालाच प्रोसेसर आहे. नेलपॉलिशने!

हे सगळ्यांचं चालायचंच असं नाही. कोणाला व्होल्टेज थोडं वाढवावं लागे, कोणाला मोठा पंखा. मलेशियात बनलेली चिप चांगली की कोस्टा रिकातली, यावर रात्र-रात्र वाद. आणि मशीन टिकतं का हे तपासायचं कसं? क्वेकचा डेमो रात्रभर फिरवत ठेवायचा. सकाळी चालू दिसला तर पास.

आता दोन्ही गोष्टी जोडा. गेम मध्येच बंद पडला, तर कोणाला धरायचं? गेम कंपनी म्हणणार, तुम्ही मशीन ताणलंय. आणि वेग वाढवला की प्रोसेसरची वॉरंटी गेलीच. म्हणजे ज्याच्याकडे ६६९ डॉलर होते, त्याच्याकडे तक्रार करायचा हक्कही होता. १४९ वाल्याने तो हक्क देऊन वेग मिळवला होता. त्याच्याकडे उरला विनोद. त्या काळातल्या गेमरांची ती खवचट भाषा मला म्हणूनच नुसती टवाळी वाटत नाही.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं होतं. व्हीएसएनएलचं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झालं खरं, पण डायल-अपचा खर्च आणि वेग बघता महिनाभर परक्या सर्व्हरवर लोहारकी करणं फार थोड्यांना परवडण्यासारखं. आपला मार्ग म्हणजे शेजारी-शेजारी मशीन्स लावून लॅनवर खेळणं, आणि मशीन म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारातून सुटे भाग जमवून केलेलं 'असेंबल्ड'. ब्रँडेडच्या पुढे तो शब्द जरा दबक्या आवाजातच उच्चारला जायचा.

सेलेरॉनची करामत १९९९ मध्ये आणखी पुढे गेली. एबिटने बीपी-सिक्स नावाचा बोर्ड काढला, त्यावर एक सोडून दोन सेलेरॉन बसत. इंटेलने हा स्वस्त प्रोसेसर जोडीने वापरायला बनवलेलाच नव्हता. पोरांनी दोन घेतले, दोन्ही ताणले, हौसेने चालू केले. आणि गेमसाठी ज्यावर सगळी मदार होती त्या विंडोज ९८ ला त्यातला एकच दिसायचा! विंडोज एनटीला दोन्ही दिसत, पण त्यावर बरेच गेम धड चालत नसत. डिसेंबर १९९९ मध्ये 'क्वेक थ्री' आला, त्यात दोन प्रोसेसर वापरायची एक सेटिंग होती, 'आर-एसएमपी'. ती चालू केली की काहींचा गेम पळायचा. काहींचा बंद पडायचा.