लुनाच्या श्वासवाटेचे कूळ

पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ साली बाजारात आणलेल्या लुनाचे कूळ सहसा एका ओळीत सांगितले जाते: इटलीच्या पियाज्यो कंपनीची १९६७ सालची ‘चाओ’ ही तिची मूळ मोपेड, आणि एच. के. फिरोदिया हे तिला महाराष्ट्रात आणणारे उद्योजक. मोपेड म्हणजे इंजिन असूनही पायडल मारून हाकता येणारी दुचाकी. ही वंशावळ खरी असली तरी ती गाडीची आहे. हवा आणि पेट्रोल ज्या वाटेने इंजिनात शिरतात त्या वाटेचे कूळ निराळे असून, त्याचा माग काढीत गेल्यास १८८८ सालच्या ग्रिनिचमधील एका तीनचाकी सायकलीपाशी येऊन थांबावे लागते.

या वाटेवर दोन मुख्य भाग असतात. पहिला कार्बोरेटर: त्याच्या अरुंद घशातून हवा वेगाने जाते, तिथला दाब घटतो आणि जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाऊन त्याचे तुषार होतात, जेटखालच्या पेट्रोलची पातळी कायम ठेवण्याचे काम फ्लोट, म्हणजे वाटीतला तरंगता डबा, करतो. दुसरा भाग म्हणजे हे मिश्रण आत घेणारे दार. चाओच्या इंजिनात या दारासाठी वेगळी झडप नाही. पिस्टनच्या ये-जा करण्याचे फिरण्यात रूपांतर करणाऱ्या क्रँकच्या वजनदार तबकडीची कड ठराविक लांबीपुरती कापलेली असते. ती खाच क्रँकभोवतीच्या पेटीच्या, म्हणजे क्रँककेसच्या, छिद्रासमोर आली की मिश्रण आत शिरते, आणि उरलेल्या फेऱ्यात तबकडीचा गुळगुळीत पृष्ठभाग ते छिद्र झाकून ठेवतो.

कार्बोरेटरच्या जनकत्वाचा वाद जुना आहे. बेन्झच्या पहिल्या मोटारीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन वाफ गोळा केली जाई, तुषार नव्हते. तुषारांचे श्रेय जर्मन ग्रंथ १८९३ सालच्या विल्हेल्म मायबाखला देतात, तर हंगेरीचे अभ्यासक त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतील बांकी आणि चोंका यांच्या पेटंटकडे बोट दाखवतात. दोन्ही पक्ष महिने मोजत बसले आहेत. मात्र एडवर्ड बटलर या इंग्रज संशोधकाने आपल्या तीनचाकीचे आराखडे १८८४ सालीच लंडनच्या स्टॅन्ली सायकल प्रदर्शनात मांडले होते, आणि ग्रिनिचच्या मेरीवेदर या बंब बनवणाऱ्या कंपनीने १८८८ साली घडवलेल्या त्याच्या गाडीवर फ्लोटचा कार्बोरेटर होता, तोही मायबाखच्या पाच वर्षे आधी.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की त्याच गाडीवर फिरत्या झडपाही होत्या. लुनाच्या पूर्वज चाओची दोन्ही लक्षणे, फ्लोटचा कार्बोरेटर आणि फिरते दार, एकाच यंत्रावर आणि तेही सायकलीच्या घराण्यातल्या यंत्रावर एकत्र दिसतात, याची दखल मोटारकेंद्री इतिहासांनी पुरेशी घेतलेली नाही. बटलरच्या गाडीला ब्रेक नव्हता. पायाची तरफ दाबली की मागचे चालते चाक जमिनीवरून उचलले जाई आणि गाडीचा भार दोन छोट्या चाकांवर येऊन ती थांबे. त्या काळच्या कायद्याने अशा वाहनाला ताशी चार मैल, गावात दोन मैल, एवढीच मुभा होती आणि वाहनापुढे एक माणूस चालत ठेवावा लागे. कंटाळून बटलरने १८९६ साली गाडी मोडीत काढली व पेटंटचे हक्क हॅरी लॉसन या उद्योजकाला विकले. निर्बंध उठला तो त्याच वर्षी.

इथे आक्षेप येतो की मोडीत निघालेल्या गाडीला वंश कसा असेल? शिवाय चाओचे दार चालते ते क्रँककेसमध्ये मिश्रण खेचून दाबण्याच्या पद्धतीवर, आणि ती बटलरची नव्हे, जोसेफ डे याची, १८८९ ते १८९१ या काळातली आहे. या दाराच्या जनकत्वाचा तिसरा दावा पूर्व जर्मनीच्या डॅनिएल झिमरमनचा: १९५०च्या दशकारंभी त्याने शर्यतीच्या दोन-स्ट्रोक इंजिनाला बाजूने फिरती पातळ चकती बसवली. हा दावा सर्वांत भक्कम मानला जातो, तरी तो अपुरा आहे. झिमरमनची चकती हा जादा भाग आहे आणि त्याने इंजिनाची रुंदी वाढते, तर पियाज्योने १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात आपल्या व्हेस्पा स्कूटरसाठी क्रँकलाच झडप केले आणि पुढे चाओत तेच ठेवले. पायडलांच्या मध्ये बसणाऱ्या इंजिनाला रुंदी परवडत नाही. म्हणून हे नाते रक्ताचे नसून गरजेचे मानणे योग्य: हलक्या चौकटीला कमी भागांचे इंजिन लागते, ही सायकलीची अट बटलरपासून पियाज्योपर्यंत तीच राहिली.

चाओची ताकद वाढवू पाहणारे इटालियन मिस्त्री हेच दोन भाग हाताळतात. मूळ डेलॉर्टो एसएचए १२/१० कार्बोरेटरचा घसा १० मिलिमीटरचा. त्याजागी १३/१३ बसवला की घशाचे क्षेत्रफळ जवळजवळ ७० टक्क्यांनी वाढते. मग क्रँकची खाच घासून रुंद केली जाते, म्हणजे दार लवकर उघडते आणि उशिरा मिटते. खाच अती झाली तर कमी वेगात मिश्रण उलटे कार्बोरेटरमधून बाहेर थुंकले जाते. घसा मोठा आणि जेट मात्र जुना ठेवला तर धोका दुहेरी असतो, कारण या इंजिनाचे वंगण पेट्रोलमध्येच २ टक्के मिसळलेले असते. पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो.

असेच बदल केलेली पुण्याची गाडी संयुक्त अरब अमिरातीत नेल्यास जेट बदलावा लागेल, ही समजूत हिशेबाने टिकत नाही. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, म्हणून तिथली हवा विरळ. दुबई समुद्रकाठी, पण उन्हाळ्यातल्या ४२ अंशांनी तिथली हवाही विरळ होते, आणि पुण्यातल्या ३२ अंशांशी तुलना करता घनतेतला फरक तीन-चार टक्क्यांपलीकडे जात नाही. दुबईच्या हिवाळ्यात हवा दाट होते, तेव्हाही जेट किंचित मोठा करणे पुरते. खरा शत्रू वाळूची बारीक धूळ आहे, कारण क्रँकचा गुळगुळीत पृष्ठभाग हेच या इंजिनाचे दार असल्याने त्यावर ओरखडे पडले की दार नीट मिटत नाही. तेव्हा मोकळा श्वास मिळावा म्हणून एअर फिल्टर काढून टाकण्याचा मोह आखातात तरी कोणी करू नये. मोठ्या कार्बोरेटरला मोठा फिल्टर लावावा आणि तो वेळेवर धुवावा.