साठा संपतो तेव्हां

मैफल रंगांत आलेली असते. गवई बंदिशीचें एक आवर्तन घेतो, दुसरें घेतो, आणि तिसऱ्या आवर्तनांत कोणाच्याहि ध्यानींमनीं नसलेली एखादी जागा घेऊन नेमका समेवर येतो. आपल्या तोंडून आपोआप दाद निघून जाते. ही जागा त्यानें घरून आणलेली नव्हती, ती आतां आपल्यासमोर जन्मली, अशी आपली खात्री असते. आपल्या संगीतांत तिला 'उपज' हा फार समर्पक शब्द आहे. उगवतें तें पेरलेल्यांतूनच. पण उगवल्यावर तें बियाण्यासारखें दिसत नाहीं.

ही उपज कलावंताला प्रथम कशी साधते, हें आज मी एका परक्या वाद्याच्या इतिहासावरून सांगणार आहें. तें वाद्य म्हणजे गिटार, आणि प्रांत अमेरिका व फ्रान्स येथील जाझ संगीताचा.

जाझच्या वाद्यवृंदांत गिटारीला आरंभीं फारसा मान नव्हता. ट्रंपेट आणि सॅक्सोफोन गर्जत असतां तिचा नाजूक आवाज बुडून जाई. तिनें मागें बसून ताल व स्वरमेळ सांभाळावा, एवढीच अपेक्षा. १९२७ सालीं लॉनी जॉन्सन यांनीं लुई आर्मस्ट्राँग यांच्या मंडळींबरोबर दिलेल्या ध्वनिमुद्रिकांत, आणि पुढें एडी लँग यांच्यासह केलेल्या जोडवादनांत, ती एकेका स्वरानें बोलूं लागली. १९३६ मध्यें गिब्सन कंपनीनें विजेच्या साह्यानें आवाज वाढविणारी गिटार बाजारांत आणली आणि ऐकूं जाण्याची अडचण दूर झाली. आतां बोलावयाचें काय, हा प्रश्न उरला.

जाझमधील एकलवादनाची रीत थोडक्यांत अशी. चाल एकदां वाजवून झाली कीं तिच्याखालील स्वरमेळांचा क्रम तसाच फिरत राहतो, आणि प्रत्येक आवर्तनांत वादकानें त्यावर नवी वीण घालावयाची. सांगाडा ठरलेला, वीण मोकळी. १९१७ सालच्या 'रोज रूम' या चालीच्या सांगाड्यावर ड्यूक एलिंग्टन यांनीं पुढें 'इन ए मेलोटोन' ही अगदीं वेगळी चाल उभी केली, इतकें त्यांत स्वातंत्र्य आहे.

ही 'रोज रूम' आपण ध्यानांत ठेवावी. कारण आपल्या कथेचा पहिला नायक चार्ली ख्रिश्चन याच्या आयुष्यांत ती दोनदां येते.

ख्रिश्चनचा जन्म १९१६ सालीं टेक्सासमध्यें झाला. तो वाढला ओक्लाहोमा सिटींत. वडील अंध होते व गिटार वाजवीत. मुलांना बरोबर घेऊन ते रस्त्यांत वाजवून मिळकत करीत. शाळेंत हा मुलगा सिगारच्या खोक्यांपासून गिटारी तयार करी, असें त्याच्याच शहरांत वाढलेले कादंबरीकार राल्फ एलिसन यांनीं लिहून ठेविलें आहे. थोरला भाऊ एडवर्ड बँड चालवी; पण या धाकट्याला जाझ येतें, हें त्याच्या गांवींहि नव्हतें. १९३१ च्या सुमारास राल्फ हॅमिल्टन या गिटारवादकानें ख्रिश्चनला गुपचूप तीन चालींवरील एकलवादन शिकविलें: 'रोज रूम', 'टी फॉर टू' आणि 'स्वीट जॉर्जिया ब्राउन'. मग एका रात्रीं मंडळींनीं एडवर्डला म्हटलें, याला एक वाजवूं द्या. एडवर्ड नाखुषीनेंच तयार झाला. पोरानें पहिली चाल वाजविली. लोकांनीं आणखी मागितली. दुसरी झाली, तिसरी झाली. सारी वस्ती दणाणून गेली.

त्या रात्रीं त्यानें वाजविलें तें बरेंचसें पाठ केलेलें होतें, आणि तिसऱ्या चालीबरोबर त्याची पोतडी रिकामी झाली होती.

आठ वर्षांनीं, १६ ऑगस्ट १९३९ रोजीं, तो कॅलिफोर्नियांत बेव्हर्ली हिल्स येथें आला. विख्यात क्लॅरोनेटवादक बेनी गुडमन यांच्याकडे जॉन हॅमंड यांनीं त्याची शिफारस केली होती. परंतु दुपारच्या चांचणींत गुडमन यांच्यावर कांहीं छाप पडली नव्हती. रात्रीं व्हिक्टर ह्यूगो उपाहारगृहांत गुडमन यांचें वादन होतें. मध्यंतरांत हॅमंड यांनीं ख्रिश्चनचा ध्वनिवर्धक गुपचूप व्यासपीठावर नेऊन ठेवला व त्यालाहि तेथें बसविलें. गुडमन परत आले, त्यांच्या कपाळाला आठी पडली, आणि त्यांनीं चाल पुकारली ती 'रोज रूम'. या पोराला ती येत नसावी, असा त्यांचा होरा होता, असें सांगतात. ती तर त्यानें प्रथम शिकलेल्या तीन चालींपैकीं एक!

पण चमत्कार या योगायोगांत नाहीं. ती एक चाल पाऊण तासाहून अधिक वेळ चालली. ख्रिश्चननें वीसएक आवर्तनें घेतलीं आणि प्रत्येक वेळीं नवें कांहीं वाजविलें, असें त्या रात्रीची हकीकत सांगणारे सांगतात. हॅमिल्टननें शिकविलेलें पहिल्या दोन-तीन आवर्तनांतच सरलें असणार. पुढचीं सारीं आवर्तनें उपजेचीं. गुडमन यांनीं त्याला तेथेंच आपल्या मंडळींत घेतलें. १९४२ च्या मार्चमध्यें क्षयानें तो गेला, तेव्हां त्याचें वय अवघें २५ वर्षांचें होतें.

आतां याच्या उलट चित्र पाहा. इंडियानापोलिसचा वेस मॉन्टगोमेरी हा तरुण वयाच्या विशीच्या आसपास होता. ख्रिश्चनची 'सोलो फ्लाइट' ही १९४१ सालची तबकडी त्याच्या कानीं पडली आणि तिनें त्याला वेड लावलें. त्याला स्वरलेखन वाचतां येत नव्हतें. विजेची गिटार विकत घेऊन, तबकड्या पुन:पुन्हां लावून, त्यानें ख्रिश्चनचीं एकलवादनें स्वर न् स्वर उतरून घेतलीं. घरच्यांना व शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो नखीऐवजीं अंगठ्यानें हळू वाजवी. तोच मऊ आघात पुढें त्याची ओळख ठरला. एका क्लबांत त्याला काम मिळालें. तेथें तो ख्रिश्चनचीं वादनें हुबेहूब वाजवी, आणि तीं संपलीं कीं हात आवरून बसे. दुसरें कांहीं येतच नव्हतें!

साठा संपल्यावरची ही स्तब्धता किती जणांनीं अनुभवली असेल! पण मॉन्टगोमेरीनें गिटार खालीं ठेविली नाहीं. १९४८ सालीं लायनेल हॅम्प्टन यांच्या मंडळींत तो गेला; तेथून परतल्यावर दिवसा कारखान्यांत राबून रात्रीं क्लबांत वाजवीत राहिला. १९६० च्या ध्वनिमुद्रिकांनीं जगाला त्याचें नांव कळलें, तेव्हां त्या वादनांत ख्रिश्चन होता, पण दुधांत साखर असावी तसा.

तिसरें उदाहरण जँगो राइनहार्टचें. भटक्या मानूश कुळांत १९१० सालीं बेल्जियममध्यें जन्मलेला हा मुलगा पॅरिसच्या नृत्यगृहांत बँजो वाजवून नांव मिळवूं लागला होता. १९२८ सालीं एका रात्रीं त्याच्या गाडींतील घराला आग लागली. पत्नीनें विक्रीसाठीं केलेलीं सेल्युलॉइडचीं फुलें भडकलीं. डाव्या हाताची अनामिका व करंगळी आखडून गेली. दीड वर्षाच्या अंथरुणांत भावानें आणून दिलेली गिटार हीच सोबत. हाताला वळण पडलेल्या साऱ्या जुन्या जागा आतां निरुपयोगी. ख्रिश्चन व मॉन्टगोमेरी यांचा साठा संपला होता, याचा तर जळून गेला होता. मग दोन बोटांनीं तारेच्या लांबीवरून धांव घेण्याची नवी रीत त्यानें शोधिली. १९३१ सालीं तूलाँ येथें चित्रकार एमिल सावित्री यांनीं त्याला आर्मस्ट्राँगच्या तबकड्या ऐकविल्या आणि त्या रीतीला भाषा सांपडली. १९३४ सालीं व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली यांच्यासह त्यानें पॅरिसमध्यें जें पंचक उभारलें, त्याच्या तबकड्या आजहि गिटारवादकांना पाठ असतात.

श्रोतेहो, या तिघांचीं चरित्रें शेजारीं ठेविलीं म्हणजे एक गोष्ट दिसून येते. उपज रिकाम्या मनांत होत नाहीं. आधीं दुसऱ्याचें पुष्कळ घोटावें लागतें. आणि केवळ भरलेल्या मनांतहि ती होत नाहीं. घोटलेलें अपुरें पडेल असा प्रसंग यावा लागतो. कोणावर तो लोकांच्या आग्रहानें येतो, कोणावर आपल्याच उणिवेनें, कोणावर दैवाच्या घाल्यानें. त्या प्रसंगीं हात आवरावा लागला म्हणून कोणी अपात्र ठरत नाहीं.

आपल्या घरांत एखादा मुलगा वा मुलगी गुरूचे पलटे नाहीं तर तबकडींतल्या जागा जशाच्या तशा गिरवीत असेल, तर 'यांत तुझें असें काय?' हा प्रश्न इतक्यांत विचारूं नये. आणि एखाद्या दिवशीं पाठ केलेलें संपून तें मूल गोंधळून थांबलें, तर लगेच वाद्य गवसणींत घालूं देऊं नये. ओक्लाहोमांतल्या श्रोत्यांनीं आणि बेव्हर्ली हिल्सच्या त्या रात्रीनें ख्रिश्चनला जें दिलें, तेवढेंच आपणहि द्यावें: आणखी एक आवर्तन.