रडीचा डाव आणि मूळ संख्या

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि दर रविवारी संध्याकाळी आमचे सारे कुटुंब संगणकाच्या पडद्यावर भेटू लागले. पुणे, नाशिक, मडगाव आणि थेट न्यू जर्सी. गप्पा दोन आठवड्यांत आटल्या, मग खेळ सुरू झाले. गाण्याच्या भेंड्या, हौजी, आणि मुलांसाठी दगड-कागद-कात्री. भांडण झाले ते या शेवटच्या खेळावरून. पुण्याचा भाचा 'एक, दोन, तीन' म्हणून मूठ पुढे करी आणि न्यू जर्सीच्या पुतणीचा हात त्याला नेहमी अंमळ उशिराच दिसे. "ताई, तू माझा हात बघून मग तुझा टाकतेस. हा रडीचा डाव आहे!" पुतणी रडकुंडीला आली. तंटा मिटवायला नाशिकहून आजोबांनी नाणे उडवले. ते टेबलाखाली गेले. आजोबांनी वाकून पाहिले आणि 'काटा' असे जाहीर केले. मग भाच्याने आजोबांवरही शंका घेतली आणि त्या रविवारची बैठक तिथेच मोडली.

आम्ही पेशाने संशोधक असल्याने आमच्याकडे निवाडा मागण्यात आला. पुतणीची बाजू भौतिकशास्त्राने सावरता येत होती. पुणे ते न्यू जर्सी हे अंतर सरळ मोजले तरी साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास भरते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूच्या प्रवासाला सेकंदाचा सोळावा भाग तरी लागणारच. प्रत्यक्षात केबल सरळ नसते. शिवाय चित्र आटोपशीर करणे, पाठवणे, पुन्हा उलगडणे यांत आणखी वेळ जातो. एका बाजूची दिरंगाई सेकंदाचा पाचवा भाग धरली, तर भाच्याचे 'तीन' तिला तेवढ्या उशिरा ऐकू येते, आणि तिने तत्क्षणी टाकलेला हात त्याला आणखी तेवढ्याच उशिरा दिसतो. म्हणजे प्रामाणिकपणे खेळूनही ती जवळजवळ अर्धा सेकंद मागे. पण हे समजावल्यावर भाच्याने विचारले, "ती प्रामाणिक आहे हे मला कसे कळणार?" माणसाला डोळ्याने पाहून हात हलवायला सेकंदाचा पाव भाग पुरतो. त्यामुळे लबाडीला जागा होतीच. या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नव्हते.

हा प्रश्न पडद्याइतका नवा मात्र नाही. दूर बसून खेळण्याचा इतिहास चाळला तर एक गोष्ट चटकन लक्षात येते: जिथे तिथे बुद्धिबळ. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो येथील बुद्धिबळ मंडळे टपालाने खेळली. एडिंबरोने सामना जिंकला, आणि त्यावरूनच बुद्धिबळातील एका सुरुवातीला 'स्कॉच' हे नाव पडले. २४ मे १८४४ रोजी मॉर्सची वॉशिंग्टन-बाल्टिमोर तार सुरू झाली, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्या तारेवर पटाच्या ६४ घरांना क्रमांक देऊन डाव रंगले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात हॉवर्ड स्टाँटन तारेवरून लंडनच्या खेळाडूंशी खेळला. सप्टेंबर १९४५ मध्ये, महायुद्ध संपते न संपते तोच, अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात बिनतारी संदेशांवरून दहा पटांचा सामना झाला आणि सोव्हिएत संघाने १५½-४½ असा दणदणीत विजय मिळवला. १९६५ साली बॉबी फिशरला हवानाच्या स्पर्धेसाठी क्यूबाला जाण्याची परवानगी अमेरिकी सरकारने दिली नाही, तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये बसून दूरमुद्रकाने खेळी पाठवत राहिला. जून १९७० मध्ये तर सोयुझ-९ यानातील निकोलायेव व सेवास्त्यानोव यांनी पृथ्वीवरच्या सहकाऱ्यांशी डाव मांडला. तो बरोबरीत सुटला.

बुद्धिबळच का? कारण त्यात लपवायचे काही नाही. सगळी मोहरी दोघांनाही दिसतात, पाळी एकामागून एक येते, नशिबाला थारा नाही. खेळी पाच मिनिटांनी पोचली काय, पाच दिवसांनी पोचली काय, डाव तोच राहतो. (कानात कोणी खेळी सुचवली तर गोष्ट वेगळी, ती पळवाट तेव्हाही होती, आज संगणकामुळे फार रुंदावली आहे.) पत्त्यांचे तसे नाही. पत्ते पिसायचे कोणी? वाटायचे कोणी? हातातले पान खरे की ऐनवेळी ठरवलेले? दूर बसलेल्या दोघांना तिसऱ्या विश्वासू माणसाशिवाय पत्ते खेळता येत नव्हते. न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात १९६४ साली बेल कंपनीने चित्रदूरध्वनी मांडला, माणसे एकमेकांचे चेहरे पाहू लागली; पण चेहरा दिसला म्हणून टेबलाखालचे नाणे दिसत नाही.

रॉबर्ट फ्लॉईड या संगणकशास्त्रज्ञाने नेमका हाच प्रश्न विचारला: फोनवरून, पत्ते न वापरता, पोकर खेळता येईल का? १९७९ साली शमीर, रिव्हेस्ट आणि एडलमन यांनी उत्तर दिले, आणि ते मोठे गमतीदार होते. आधी त्यांनी सिद्ध केले की हे अशक्य आहे. मग ते कसे करायचे ते दाखवले! विसंगती वरवरची आहे. खेळाडूंजवळ अमर्याद गणनशक्ती असेल तर खेळ अशक्य. पण काही आकडेमोडी व्यवहारात कोणालाच वेळेत करता येत नाहीत असे मानले तर शक्य.

कल्पना अशी. पुतणी ५२ सारख्या डब्यांत एकेक पान घालते, प्रत्येकाला आपले कुलूप लावते, डबे उलटसुलट करून भाच्याकडे धाडते. भाचा त्यांतले कोणतेही पाच परत पाठवतो. ती उघडते, ती तिची पाने. मग भाचा आणखी पाच डबे निवडतो आणि तिच्या कुलपाशेजारी स्वतःचेही कुलूप लावून पाठवतो. ती फक्त आपले कुलूप काढते. डबा अजून बंदच. तो परत आल्यावर भाचा आपले कुलूप उघडतो. दोघांनाही एकमेकांची पाने कळली नाहीत, आणि डाव संपल्यावर किल्ल्या दाखवून सारे पडताळता येते. इथे डबा म्हणजे संख्या, आणि कुलूप म्हणजे त्या संख्येचा घात करून एका मोठ्या मूळ संख्येने भागल्यावर उरणारी बाकी. कुलपे कोणत्याही क्रमाने काढता येतात, हीच सारी किमया.

१९८१ साली रिचर्ड लिप्टन यांनी यातही खोट काढली. संख्येचा एक गुणधर्म कुलूप लावल्यावरही तसाच राहतो. कोपरा दुमडलेले पान पिसल्यावर ओळखू यावे, तसे. ही खोट दूर करता करता १९८२ मध्ये गोल्डवासर व मिकाली यांनी संदेश संकेतबद्ध करताना दरवेळी यदृच्छेचा अंश मिसळण्याची पद्धत मांडली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच पोकर आहे, आणि त्यातील विचार आजच्या गुप्तलेखनशास्त्राच्या पायाशी आहे. त्या दोघांचे मार्गदर्शक मॅन्युएल ब्लुम यांनी त्याच सुमारास फोनवर नाणे उडवण्याची रीत दिली होती. त्यांच्या निबंधात घटस्फोट घेतलेले जोडपे मोटार कोणी ठेवायची हे वेगवेगळ्या शहरांतून ठरवते आहे. आमच्या आजोबांचे नाणे फारच निरुपद्रवी म्हणायचे.

ब्लुम यांची पद्धत थोडी अवघड आहे, पण तिच्या जवळची एक रीत आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येईल. पहिल्या विद्यार्थ्याने दोन मूळ संख्या निवडाव्यात: एक तर दोन्हींना ४ ने भागून बाकी १ उरावी, नाहीतर दोन्हींना ३. गुणाकाराला ४ ने भागल्यास दोन्ही वेळा बाकी १ च येते, म्हणून गुणाकारावरून काही कळत नाही. तो फक्त गुणाकार सांगतो, समजा ९८५३७. दुसरा विद्यार्थी 'एक' किंवा 'तीन' म्हणतो. मग पहिला अवयव उघड करतो: २११ आणि ४६७. दोन्हींची बाकी ३. 'तीन' म्हणणारा जिंकला. गुणाकार एकदा सांगितल्यावर पहिल्याला शब्द फिरवता येत नाही, कारण मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. दुसऱ्याला ते शोधायचे तर २११ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागत बसावे लागेल. तेवढा वेळ द्यायचा नाही. एकमेकींच्या फार जवळच्या संख्या घेऊ नयेत. १०१ व १०९ यांचा गुणाकार ११००९. तो १०५ च्या वर्गापेक्षा बरोबर १६ ने कमी आहे हे हुशार मुलाच्या लगेच ध्यानात येते.

पुढच्या रविवारी आम्ही नियम बदलले. भेंड्यांत सगळ्यांनी एकत्र गाणे बंद केले. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा सेकंदाच्या पाचव्या भागाची दिरंगाई म्हणजे सत्तर मीटरवर उभ्या माणसाबरोबर ताल धरणे. ते भल्याभल्यांना जमत नाही. दगड-कागद-कात्रीसाठी दोघांनी आपली निवड चिठ्ठीवर लिहून ती कॅमेऱ्यासमोर पालथी धरायची, दोन्ही चिठ्ठ्या दोघांना दिसल्या की मगच उलटायच्या. चिठ्ठी डोळ्यांसमोर असेपर्यंत बदलता येत नाही, आणि उशीर झाला तरी बिघडत नाही. इथे पडद्याचा खरा उपयोग झाला. नाण्याऐवजी अर्थातच मूळ संख्या आल्या.

तीन आठवडे सुरळीत गेले. चौथ्या रविवारी भाच्याने ४३८९ ही संख्या सांगितली. पुतणी म्हणाली 'तीन'. त्याने लगेच २१ गुणिले २०९ दाखवले. दोन्हींची बाकी १, तो जिंकला. तिने कागदावर थोडी आकडेमोड केली आणि म्हणाली, "मी 'एक' म्हटले असते तर तू ३ गुणिले १४६३ दाखवले असतेस ना? यातल्या सगळ्या मूळ संख्या कुठे आहेत?" भाचा पडद्यावरून नाहीसा झाला. बहुधा टेबलाखाली.