उंदीर शांत झाला, पण ओढ?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. औषधशास्त्र हे काही माझं क्षेत्र नव्हे. तरी धर्मापुरीत बोलताना सोलापूरची एक गोष्ट सांगतो. सोलापूर आपल्याला काही परकं नाही.

तिथल्या वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयात जे. जे. बालसारा, ए. जी. चांदोरकर आणि त्यांचे सहकारी उंदरांवर प्रयोग करीत. १९७९ साली त्यांचे दोन निबंध 'सायकोफार्माकॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. एकात उंदराला मेथॲम्फेटामिन दिलेलं. हे उत्तेजक अंगात गेलं की मेंदूत डोपामिन उसळतं आणि उंदीर हुंगणं, चाटणं, कुरतडणं असं तेच तेच करीत राहतो. दुसऱ्यात हॅलोपेरिडॉल. ते डोपामिनची वाट अडवतं. उंदीर जसा ठेवाल तसा थिजून राहतो. सेरोटोनिन या दुसऱ्या रसायनाचा दोन्हींवर काय परिणाम होतो, हे त्यांना पाहायचं होतं.

हॅलोपेरिडॉल १९५८ मध्ये बेल्जियमला पॉल यानसेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं. ॲम्फेटामिन दिलेल्या उंदराची धांदल कोणतं द्रव्य थांबवतं, ही तिथली एक कसोटीच होती. उत्तेजकांमुळे माणसाला भास होऊ लागले, संशयानं पछाडलं, तर डॉक्टर अशी औषधं देतात आणि गुणही येतो.

मग याच औषधानं व्यसन का सुटू नये? आता गंमत बघा. कॅनडात योकेल आणि वाइज यांनी उंदरांना खटका दाबून ॲम्फेटामिन स्वतःच घेण्याची सोय करून दिली होती. डोपामिन अडवणारं पिमोझाइड माफक दिलं, तर उंदीर खटका जास्तच दाबू लागले! मालात पाणी घातलंय असं वाटून गिऱ्हाईकानं दुप्पट मागावं, तसं. मात्रा वाढवली तेव्हा आधी धडाधड दाबला, मग सोडून दिला. हे १९७५ साली 'सायन्स'मध्ये आलं. पुढे कोकेन ओढणाऱ्या माणसांना एकोपिपाम हे तशाच जातीचं औषध काही दिवस देऊन पाहिलं. २००१ सालच्या त्या अहवालात कोकेन घेणं कमी झालेलं नाही.

खटका सोडला म्हणजे ओढ संपली का? माझे डॉक्टर मित्र म्हणतात, "सर, उंदराला ओढ विचारायची कशी?" बरोबर आहे त्यांचं. पण सोलापूरचा तो थिजलेला उंदीरही खटका दाबणार नाही, आणि त्याला बरा झाला असं कुणी म्हणत नाही.